मज्जारज्जूचे शहाणपण

मेंदू हा शरीराचा राजा आणि हातपाय हे त्याचे आज्ञाधारक सेवक, अशी आपली सर्वांची समजूत असते. मी कलाशाखेचा पदवीधर. शरीरशास्त्राचे माझे ज्ञान बेताचेच. तथापि येथील रामनगरच्या मासळीबाजारात, डोके वेगळे केल्यावरही मरळीचे धड हललेले मी अनेकदा पाहिले आहे. ती धडपड म्हणजे पोहणे नव्हे, हे खरे. पण राजा गेल्यावर हा सेवक कोणाची आज्ञा पाळतो, असा प्रश्न प्रत्येक वेळी मनात येई.

या प्रश्नाचे उत्तर लॅम्प्रे नावाच्या एका आदिम माशाने दिले आहे. हा मासा आपल्या समुद्रात मिळत नाही. दिसायला तो आमच्या गोव्याकडील वाम माशासारखा लांबट व निसरडा. परंतु त्याला जबडा नाही, हाडे नाहीत, तोंड वाटोळे व चोखण्याच्या उपयोगाचे. त्याचा वंश आपल्या वंशापासून सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी वेगळा झाला.

स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील स्टेन ग्रिलनर व त्यांचे सहकारी यांनी या माशाचा अनेक वर्षे अभ्यास केला. १९८० च्या सुमारास असे दिसून आले की, त्याचा मज्जारज्जू बाहेर काढून क्षारजलाच्या बशीत ठेवला आणि त्यात मज्जापेशींना उत्तेजित करणारे द्रव्य मिसळले, तर त्यातून डावीकडे व उजवीकडे आळीपाळीने संदेश निघू लागतात. मेंदू नाही, स्नायू नाहीत, आणि तरी तो रज्जू जणू मनातल्या मनात पोहत असतो!

या रज्जूचे सुमारे १०० खंड असतात. प्रत्येक खंडात डाव्या व उजव्या बाजूस मज्जापेशींचा एकेक गट असतो. डावा गट जागा झाला की तो आपल्या बाजूचे स्नायू आकुंचित करतो आणि त्याच वेळी उजव्या गटाला गप्प बसवतो. त्याचा जोर ओसरला की उजव्याची पाळी येते. पुढचा खंड हेच किंचित उशिरा करतो. दिंडीतील टाळकऱ्यांनी एकामागून एक टाळ उचलावा, तशी ही लाट डोक्याकडून शेपटीकडे जाते. हा उशीर एका आवर्तनाच्या शंभराव्या हिश्शाइतका असल्यामुळे मासा संथ पोहो वा वेगाने, त्याच्या अंगावर सुमारे एकच पूर्ण लाट दिसते. मेंदूकडे काम उरते ते सुरू करण्याचे, वेग ठरवण्याचे आणि दिशा बदलण्याचे.

हे वाचताना मला माझे मामा आठवले. माझ्या लहानपणी ते माडावरून पडले व त्यांच्या पाठीच्या मज्जारज्जूला इजा झाली. त्यानंतर त्यांचे पाय कधी हलले नाहीत. "पाय मेले," असे घरातील सगळे म्हणत. मामाही तसेच म्हणत. २००३ साली ते वारले.

पाय मेले होते काय? माणसाच्या मज्जारज्जूतही चालण्याची लय निर्माण करणारी जाळी असल्याचे पुरावे मिळाले आहेत. दुखापतीच्या खाली ती जिवंत राहू शकतात. फक्त वरून आज्ञा पोहोचत नाही. लॅम्प्रेचा तुटलेला रज्जू काही आठवड्यांत पुन्हा जुळू लागतो व तो मासा पुन्हा पोहतो. माणसाचे तसे होत नाही. परंतु २०१८ साली अमेरिका व स्वित्झर्लंड येथे, मज्जारज्जूवर बसवलेल्या विद्युत्-पट्टीतून सौम्य प्रवाह देऊन आणि महिनोन्‌महिने सराव करवून, वर्षानुवर्षे पाय लुळे असलेल्या काही रुग्णांना आधाराने पावले टाकता आली. असे रुग्ण थोडे आहेत, आणि हा पूर्ण इलाजही नव्हे. तरी ज्या वाटेवर कोणी पाऊल टाकील असे वाटत नव्हते, त्या वाटेवर ती पावले पडली आहेत.

विद्यार्थी मित्रहो, ज्याच्यापर्यंत आज्ञा पोहोचत नाही, त्याला मृत समजण्याची घाई करू नये, हे मला या क्षुद्र माशाने शिकवले. तुमच्यापैकी कोणी पुढे विज्ञानाकडे वळलाच, तर पुष्कळ काम अजून शिल्लक आहे. आणि कितीतरी घरांत त्याची वाट पाहिली जात आहे.