शेनान्दोआचा डोंगररस्ता, सायकलवरून

वॉशिंग्टन शहरापासून गाडीने दीड-दोन तास पश्चिमेकडे गेले की ब्लू रिज नावाची डोंगररांग लागते. तिच्या माथ्यावरून स्कायलाइन ड्राइव्ह हा रस्ता जातो. लांबी 105 मैल, म्हणजे सुमारे 169 किलोमीटर. सबंध रस्ता शेनान्दोआ राष्ट्रीय उद्यानात आहे. त्यावर सिग्नल नाहीत, मालाचे ट्रक नाहीत, आणि गाड्यांना ताशी 35 मैलांहून, म्हणजे 56 किलोमीटरहून अधिक वेगाची मनाई आहे. रानातल्या पायवाटांवर सायकल न्यायला बंदी आहे. सायकलस्वाराला मोकळा आहे तो हाच डांबरी रस्ता.

घाट म्हटले की आम्हा कोकणातल्या माणसांच्या डोळ्यांपुढे आंबा घाट येतो, नाहीतर कुंभार्ली. खालून निघायचे, वळणे घेत वर यायचे आणि एकदा माथा गाठला की पुढे देश. इथे तसे नाही. हा रस्ता डोंगराच्या कण्यावरूनच चालतो. खिंड आली की उतरतो, खिंड ओलांडली की पुन्हा चढतो. चढ फार उभे नाहीत, पण लांबच लांब आहेत. मोटारीत बसून ज्याला आपण सपाटी म्हणतो, ती सायकलवर बहुधा चढच असते.

नोकरीमुळे आम्ही काही वर्षे व्हर्जिनियात राहतो. जूनच्या पहिल्या शनिवारी फजरची नमाज पढून घरून निघालो. आम्ही दोघे, पंधरा वर्षांची मुलगी आणि दहा वर्षांचा मुलगा. मधला टप्पा निवडला होता: थॉर्नटन गॅप या खिंडीपासून स्विफ्ट रन गॅपपर्यंत, 34 मैल, म्हणजे 55 किलोमीटर. मुलगी पूर्ण अंतर सायकलवर जाणार होती. आम्हा दोघांपैकी एकाने तिच्याबरोबर सायकल चालवायची, दुसऱ्याने धाकट्याला गाडीत घेऊन पुढे थांबायचे आणि अर्ध्या वाटेवर अदलाबदल करायची, असे ठरले.

वाचकभगिनी विचारतील म्हणून पोशाखाचेही सांगून टाकतो. डोक्याला पातळ सुती स्कार्फ, गाठ किंवा पिन हेल्मेटखाली येणार नाही असा बांधलेला, वर हेल्मेट. गुडघ्यापर्यंतचा सैल कुडता आणि घोट्याशी पट्टीने आवळलेली विजार, म्हणजे कापड साखळीत अडकत नाही. पाणी भरताना नळाजवळ एका अमेरिकन आजींनी तिला विचारले, "डोक्याला गरम होत नाही का गं?" ती म्हणाली, "होतं, पण हेल्मेटमुळे." आजी खळखळून हसल्या.

थॉर्नटन गॅपपासून मैलभरही गेलो नाही तोच बोगदा येतो. 1932 साली डोंगर फोडून काढलेला, सुमारे 200 मीटर लांब. आत सायकलला पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा किंवा परावर्तक लागतो, तसा नियमच आहे. दगडाच्या पोटातला गारवा, छतावरून ठिबकणारे पाणी आणि मागून येणाऱ्या मोटारीचा दसपट वाटणारा आवाज. मुलीने दिवा लावला, एकदा बिस्मिल्लाह म्हटले आणि ती आत शिरली.

पुढे दहा मैलांवर स्कायलँडजवळ रस्ता सर्वांत उंच होतो, 1,122 मीटर. रस्त्याच्या पश्चिम कडेला दर मैलाला सिमेंटचा लहान खांब आहे, त्यावर आकडा. मोटारीतल्या माणसाचे त्याच्याकडे लक्षही जात नाही. सायकलवाल्याचा तो सोबती होतो. छत्तीस, सदतीस, अडतीस. दोन खांबांमध्ये ओक, हिकरी, मेपल. डोंगरउतारावर फिकट गुलाबी फुलांनी लगडलेली माउंटन लॉरेलची झुडपे. एकेकाळी या रानात चेस्टनटचे मोठमोठे वृक्ष होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाहेरून आलेल्या बुरशीने ते मारून टाकले. उभे रान बदलले.

रस्त्याला सुमारे 75 ठिकाणी बाहेर काढलेले सज्जे आहेत. 1930च्या दशकातील मंदीत सरकारने बेकार तरुणांची पथके उभी केली होती. दगडी कठडे, उतारावरची झाडोरी यांत त्यांचे बरेच हात लागले आहेत. पश्चिमेच्या सज्ज्यातून खाली शेनान्दोआची दरी, पूर्वेच्या सज्ज्यातून सखल टेकड्या, आणि सगळ्यावर तो निळसर धुरकटपणा, ज्यावरून रांगेला ब्लू रिज नाव पडले. झाडांच्या पानांतून हवेत मिसळणाऱ्या वाफांमुळे तो येतो. कड्यांचा हिरवट दगड पाहून आम्ही थबकलो. हा मूळचा लाव्हा, आपल्या सह्याद्रीसारखाच. पण सह्याद्रीचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, हा सत्तावन्न कोटी. पर्वतांना मेखांची उपमा कुरआनात आली आहे. अशा कड्याला हात लावल्यावर ती उपमा वेगळीच कळते.

जोहरची वेळ बिग मेडोज या माळाजवळ झाली. सायकलची बाटली पाऊण लिटरची. पैगंबर मुहम्मद (स.) एका मुद्द पाण्यात वजू करीत, असे हदीसमध्ये येते. मुद्द म्हणजे या बाटलीहूनही थोडे कमी. घरात नळ सोडून वजू करणाऱ्या आमच्या मुलांना ते त्या दिवशी करून पाहता आले. मग किब्ला. धाकटा सवयीने "मक्का कुठे, पश्चिमेला ना?" म्हणाला, दर उन्हाळ्यात नानीच्या घरी तो तसेच पाहत आला आहे. व्हर्जिनियातून किब्ला ईशान्येला आहे. पृथ्वी गोल असल्याने जवळची वाट उत्तरेकडून वळून जाते. बरोबरच्या संत्र्यावर दोरा ताणून दाखवला तेव्हा त्याला पटले. संत्रे मग त्यानेच खाल्ले. नमाज झाली तेव्हा माळाच्या कडेला दोन हरणे चरत होती, आमच्याकडे न बघता.

आतापर्यंत वाचून कोणाला वाटेल की हे रान असेच, माणसाविना, मुळापासून होते. तसे नाही. जंगलात मध्येच रचीव दगडांचा बांध दिसतो. उद्यानाच्या हद्दीत शंभराहून जास्त जुनी कबरस्ताने आहेत. इथे लोक राहत होते, शेती करत होते, सफरचंदे विकत होते. 1928 साली व्हर्जिनिया राज्याने कायदा करून या जमिनी उद्यानासाठी घाऊक ताब्यात घेण्याची वाट मोकळी केली आणि सुमारे 500 कुटुंबांना डोंगर सोडावा लागला. ज्यांची स्वतःची जमीन नव्हती त्यांना मोबदलाही नाही. काही म्हाताऱ्या माणसांना मरेपर्यंत राहू दिले. त्यांतली शेवटची वृद्धा 1979 मध्ये वारली. त्या काळी या डोंगरी लोकांविषयी लिहिले गेले की ते जगापासून तुटलेले, अडाणी आहेत, त्यांना हलवणे त्यांच्याच भल्याचे. पुढे 1990च्या दशकात अभ्यासकांनी त्या घरांच्या जागा तपासल्या, तर तिथे कारखान्यातली चिनीमातीची भांडी, खेळणी, ग्रामोफोनच्या तबकड्यांचे तुकडे निघाले. उठवायच्या माणसाला आधी मागासलेला ठरवायचे, ही रीत काही एका देशाची नाही. आपल्या कोयना-चांदोलीच्या रानातही उठवलेल्या गावांची जोती आहेत. जमिनीवर फिरा आणि आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहा, असे कुरआन पुन्हा पुन्हा सुचवतो. आपण ते नेहमी आद आणि समूदपुरतेच वाचतो.

बिग मेडोजला अदलाबदल झाली. मुलीचे पाय भरून आले होते, पण गाडीत बसायला ती तयार नव्हती. साडेसत्तावन्न मैलांवर लुइस माउंटन येते. लहान तळ, काही लाकडी खोल्या, सहलीच्या बाकांची राई. 1939 साली ही जागा उघडली तेव्हा ती फक्त काळ्या लोकांसाठी होती. वाटेवरची पाटीही तसेच सांगत असे. गोऱ्यांचे मोठे तळ वेगळे. इथली सोय वाईट नव्हती. वॉशिंग्टनहून कुटुंबे आवडीने येत, पुन्हा पुन्हा येत. पण जेवायचे इथेच, झोपायचे इथेच.

सावलीत बसून आम्ही हे मुलांना सांगत होतो. मुलगी हेल्मेट काढून शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "आपण तेव्हा आलो असतो, तर आपल्याला इथेच पाठवलं असतं." तिने विचारले नव्हते, सांगितले होते. तिच्या वर्गात तिला स्कार्फवरून काय काय ऐकावे लागते, ते तिने आम्हाला त्या बाकावर प्रथमच सांगितले. काही गोष्टी आम्हाला ठाऊक होत्या, दोन नव्हत्या. त्यांपैकी एक अशी होती की पुढच्या सोमवारी आम्ही दोघे शाळेत जाऊन बसलो. ती गोष्ट तिची आहे, म्हणून इथे लिहीत नाही.

धाकट्याला मात्र वेगळाच प्रश्न पडला होता: "मग ती पाटी काढली कोणी?" हे सांगणे सोपे होते. त्या वेळचे अंतर्गत खात्याचे मंत्री हॅरल्ड इकीस यांचे सल्लागार विल्यम ट्रेंट हे काळे अर्थतज्ज्ञ होते. उद्याने सर्वांच्या पैशाची, तर ती सर्वांना सारखी खुली हवीत, हे त्यांनी कार्यालयात बसून वर्षानुवर्षे लावून धरले. आधी पिनॅकल्स येथील सहलीची एक जागा सर्वांसाठी खुली झाली. आम्ही सकाळी पाणी भरले होते ती तीच. मग भेद मोडण्याचा आदेश निघाला, आणि 1950पर्यंत लुइस माउंटनसह सगळे उद्यान सर्वांचे झाले. "म्हणजे पत्रं लिहून?" धाकटा म्हणाला. त्याला काहीतरी लढाई अपेक्षित होती.

शेवटचे आठ मैल बहुतेक उताराचे. उतारावर दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. ब्रेक सतत दाबून ठेवायचे नाहीत, थोडे दाबून थोडे सोडायचे. आणि वळणापलीकडे अस्वल किंवा हरीण असू शकते हे धरून चालायचे. सायकली एकामागोमाग एकच चालवायच्या, तोही नियम आहे. मुलगी पुढे होती. साठ, एकसष्ट, बासष्ट. बोलण्यासारखे अंतर नव्हते आणि बोलायचे ते बरेचसे झालेही होते. पासष्टावा खांब मागे टाकून ती खिंडीत उतरली, सायकल कठड्याला टेकवली, आणि मोज्यांवर गोचीड चढलेत का ते वाकून बघू लागली.