वाळूची पिशवी

आमच्याकडं कुणाचं हाड मोडलं की सगळं गाव एकच सल्ला देई, "जुळस्तवर हलू नगंस." मग माणूस महिनोन्‌महिने माजघरात पडून राही. हाड जुळायचं, पण गुडघा आखडायचा आणि माणूस जन्मभर पाय ओढत चालायचा. लोक म्हणायचे, नशीब एकेकाचं.

१९९८ च्या उन्हाळ्यात आण्णा शेळ्यांना पाला काढताना बाभळीवरून पडले. मांडीचं हाड मोडलं. मिरजेला ऑपरेशन झालं, हाडात सळई बसवली. दुसऱ्याच दिवशी व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या. म्हणाल्या, "काका, घोटा वर-खाली करा." आण्णांना वाटलं, बाई चेष्टा करत्यात.

बाईंनी समजावलं. पडून राहिलं की पायात रक्त साकळायची भीती असते, घोटा हलता ठेवला की ते वाहतं राहतं. मांडीच्या पुढचा स्नायू वापरला नाही, तर थोड्याच दिवसांत मांडी बारीक होते. घरी निघताना त्यांनी व्यायाम करून दाखवले. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून गुडघा दाबायचा, पाच मोजेपर्यंत धरायचा. टाच अंथरुणावरून घासत वर ओढायची. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. प्रत्येक व्यायाम दहा वेळा, दिवसातून तीनदा.

आण्णांचं मोजणं सातावर आलं की शेतात जायचं. आईनं दहा शेंगदाणे डावीकडं मांडले. एकदा पाय उचलला की एक दाणा उजवीकडं. दहा झाले की तोंडात टाकायचे. पुढं मांडीत ताकद यायला लागली, तेव्हा बाईंनी सांगितल्याप्रमाणं आईनं जुन्या धोतराची पिशवी शिवली, अर्धा किलो वाळू भरली आणि घोट्याला बांधली.

बघायला येणारे म्हणत, "सळई सरकंल, गप पडा." आण्णा डगमगायचे. आई चहाची कपबशी पुढं करत विचारायची, "मग पेरणी तुमी करून देताय व्हय?"

दीड महिन्यानं एक्स-रे बघून डॉक्टरांनी सांगितलं, वॉकर धरून त्या पायावर वजनाच्या तिसरा हिस्सा भार द्या. आण्णा साठ किलोचे, म्हणजे वीस किलो. पाठीवर पोतं घेतलं की किती किलोचं ते बिनचूक सांगणारा माणूस, पण आपल्या पायावर किती पडतंय ते त्यांना कळंना. भावानं दुकानदाराकडचा पोती मोजायचा वजनकाटा आणला. मोडलेला पाय काट्यावर, दुसरा तेवढ्याच उंचीच्या फळीवर. वीसावर काटा आला की थांबायचं. चार-पाच दिवसांत पायाला वीस किलो कळायला लागले. पायऱ्यांचा नियम तर आण्णांनी स्वतःच्या शब्दांत बांधून घेतला : "चढाला तगडा, उताराला लंगडा." चढताना धडका पाय आधी, उतरताना दुखरा.

वॉकर सुटला, काठी आली. शहरातला माणूस असता तर बरा झाला म्हटलं असतं. आमच्याकडं भांगलण उकिडवं बसून, धार उकिडवं बसून, परसाकडंला बसायचं तेही उकिडवंच, आणि जेवण मांडी घालून. गुडघा काटकोनात वळला की खुर्चीवर बसता येतं, पण आमच्या घरात खुर्चीच नव्हती.

हाड पुरतं जुळल्याचं दिसल्यावर डॉक्टरांनी खाली बसायला परवानगी दिली. आण्णा गोठ्यातली मेढ दोन्ही हातांनी धरून हळूहळू खाली जायचे. हात जिथवर उतरे तिथं आई चुन्याचं बोट ओढायची. कधी आठ-आठ दिवस खूण तिथंच. आण्णांच्या डोळ्यांत पाणी यायचं, आई तेव्हा मुद्दाम पाठ फिरवून शेण गोळा करायची.

बैल दिवाळीआधी विकावे लागले. ऑपरेशनचं देणं होतं. पण पुढच्या चैत्रात आण्णा गायीखाली चरवी घेऊन बसले, धार काढली आणि मेढीला न धरता उठले. ती मांडी दुसरीपेक्षा थोडी बारीक राहिली ती राहिलीच.

वाळूची पिशवी मात्र घरात टिकली नाही. कुणाचा पाय मोडला, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं की मागणी यायची. आण्णा ती देताना आधी विचारायचे, "डॉक्टरला इचारलंस न्हवं?" मग खिशातून दहा शेंगदाणे काढून त्याच्या हातावर ठेवायचे.