क्रोन्स आणि माझी औषधे

शिरूर-दौंडचे पेशंट मला विचारतात, "डॉक्टर, तुम्हाला कोणत्या औषधाने बरे वाटले?" उत्तर एका औषधाचे नाही.

माझ्या लहान आतड्याच्या शेवटी जखमा दिसल्या, तेव्हा आधी टीबीची औषधे सुरू झाली. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स इतके सारखे दिसतात, की बायोप्सीनंतरही निदान अडू शकते. टीबी असताना नुसते स्टिरॉइड दिले, तर तो पसरू शकतो. तीन महिन्यांनीही जखमा तशाच होत्या, म्हणून निदान क्रोन्सकडे वळले.

स्टिरॉइडने आठवड्यात भूक परतली, पण चेहरा सुजला आणि झोप उडाली. ते आग विझवते, कायमचे घ्यायचे नसते. मग अझाथायोप्रिन. त्याचा गुण यायला साधारण तीन महिने लागतात आणि रक्त तपासत राहावे लागते. मधल्या काळात काढेही घेतले. पोटाला हलके वाटले, पण कोलोनोस्कोपीत जखमा होत्याच.

कोलोनोस्कोपीसाठी जुलाबाचे औषध घेऊन शिरूरहून एसटीत किंवा दौंडहून गाडीत बसू नका. आदल्या दिवशीच पुण्यात मुक्काम करा.

आणि बरे वाटले म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका, सिगारेट सोडा. हा आजार मुळापासून जात नाही, पण वर्षानुवर्षे शांत राहू शकतो.