आधी अँटेना, मग माईक

संगीत नाटकाबरोबर दौऱ्यावर असलो की नव्या नाट्यगृहात मी स्पीकरच्या आधी एक गोष्ट बघतो : वायरलेस माईकच्या रिसीव्हरचे अँटेना कुठे उभे राहतील?

ही सवय लागली एका तालुक्याच्या गावी. रिसीव्हर मिक्सरशेजारी, प्रेक्षागृहाच्या मागच्या टोकाला. रिकाम्या सभागृहात तालीम निर्विघ्न झाली. प्रयोगात मात्र नायिका प्रेक्षकांकडे तोंड करून गायला लागली की आवाज तुटायचा आणि पाठ वळवली की स्वच्छ! आयोजक म्हणाले, बॅटरी बदला. बॅटरी ताजी होती. ट्रान्समीटरची डबी तिच्या कमरेला मागच्या बाजूने बांधलेली. त्यामुळे समोर वळली की डबी आणि अँटेना यांच्यामध्ये तिचंच शरीर यायचं. शरीरात बहुतांश पाणी, ते माईकच्या रेडिओ लहरी शोषून घेतं. वर भरलेल्या खुर्च्यांतली शेकडो शरीरं!

मध्यंतरात रिसीव्हर उचलून विंगेत नेला, अँटेना माणसाच्या डोक्यापेक्षा उंच स्टँडवर लावले. दुसरा अंक सुरळीत गेला.

अनेकजण याच्या उलट करतात. रिसीव्हर मागेच ठेवून अँटेनाची केबल रंगमंचापर्यंत ओढतात. पण ध्वनीची एक्सएलआर केबल 50 मीटर नेली तरी काही बिघडत नाही. अँटेनाची बारीक आरजी-58 केबल मात्र 15 मीटरमध्येच निम्म्याहून अधिक सिग्नल खाते. मग बूस्टर लावायचा, आणि तो सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवणार. बूस्टर केबलमधली घट भरून काढण्यापुरताच बरा.

अँटेना दोन का? भिंतींवरून परतलेल्या लहरी एखाद्या जागी एकमेकींना मारतात. 600 मेगाहर्ट्झला लहर 50 सेंटिमीटरची, म्हणून दुसरा अँटेना मीटरभर बाजूला असला तरी पुरतो. दोन्ही एकाच लोखंडी रॅकमागे कोंबले तर काय उपयोग?

पॅडल, म्हणजे चपटा लॉग-पिरिऑडिक अँटेना, रुबाबदार दिसतो. अंतर लांब असेल, किंवा एलईडी पडद्याच्या गोंगाटाकडे पाठ करायची असेल, तर तो घ्यावा. विंगेतून पाच-सात मीटरवर माझं काम सोबत आलेल्या साध्या दांड्यांवर भागतं.

नाट्यगृह बांधणाऱ्यांना आणि दुरुस्त करणाऱ्यांना एवढीच विनंती : दोन्ही विंगांत डोक्याच्या वर अँटेनासाठी खुंट्या ठोका, आणि तिथून मिक्सरपर्यंत केबलसाठी एक रिकामा पाइप टाकून ठेवा.