अनंताची पिवळी पाने

पेडण्याच्या जुन्या घरातील अनंताची फांदी आता डिचोलीच्या सदनिकेत, खिडकीशी कुंडीत वाढते आहे. आईच्या हातचे एवढे एकच झाड उरले आहे. यंदा त्याची कोवळी पाने पिवळी पडली. शिरा मात्र हिरव्या राहिल्या. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण. नत्र किंवा मॅग्नेशियम अपुरे पडले तर झाड ते जुन्या पानांतून काढून नव्यांस पुरविते, म्हणून आधी खालची पाने पिवळतात. लोह तसे हलत नाही. लोहखनिजाच्या डिचोलीत लोहाची उपासमार! परंतु अनंतास आम्लधर्मी माती लागते, आणि घरच्यांनी मायेने घातलेल्या चुलीच्या राखेने ती अल्कधर्मी झाली, की आतले लोह मुळांना घेता येत नाही. माती बदलून कुजलेल्या पानांचे खत मिसळले आहे. नव्या पालवीची वाट पाहतो आहे.