उत्कृष्ट खेळाडू कोण?

गेल्या हिवाळ्यात मोर्शीतल्या एका शालेय खो-खो स्पर्धेत माझ्यावर भलतेच काम येऊन पडले. मी गेलो होतो गुणलेखक म्हणून. १४ वर्षांखालील मुलींचा अंतिम सामना संपला आणि आयोजक सर म्हणाले, "उत्कृष्ट खेळाडूचं नाव तुम्ही तिघांनी ठरवा. वही तुझ्याजवळच आहे." तिघे म्हणजे दोन पंच आणि मी. वाटले, यात ठरवायचे काय? आकडे आहेत, बेरीज करायची!

विजयी संघातली एक उंच मुलगी दोन डावांत मिळून चार मिनिटांवर पळाली होती. गडीही चार टिपले होते, त्यांतला एक सुरेख सूर मारून. एका पंचांनी तिचेच नाव घेतले. माझ्या डोळ्यांपुढे मात्र त्याच संघातली दुसरी, लहानखुरी पोर होती. तिच्या नावापुढे अवघा एक गडी.

खो-खोत आठ जण पाटीवर बसतात, नववा पाठलाग करतो. त्याला मागे वळता येत नाही, बसलेल्यांच्या मधून पलीकडे जाता येत नाही. पळणारा पलीकडे गेला की त्या बाजूला तोंड करून बसलेल्या गड्याला खो द्यायचा. गडी बाद झाला की गुण लागतो तो हात लावणाऱ्याच्या नावावर. नेमका खो कोणी दिला, याला वहीत रकानाच नाही.

मी त्या पोरीला बोलावून विचारले, "शेवटच्या वेळी जवळची सोडून पुढच्या मुलीला खो का दिलास?"

ती म्हणाली, "दादा, पयनारीचा पाय त्या अंगाले वळला होता ना!"

एवढेच. पण पळणारीच्या पायावरून तिची पुढची चाल ओळखणे बारा वर्षांच्या पोरीला कोणी शिकवले?

आपल्याकडे या खेळातले पुरस्कारही मोठ्या नावांचे आहेत. राष्ट्रीय स्पर्धांत पुरुषांना एकलव्य, महिलांना राणी लक्ष्मीबाई. कुमारांना वीर अभिमन्यू, मुलींना जानकी. गंमत अशी की, ज्या एकलव्याच्या नावाने आपण गौरव करतो त्याला गुरूकडून शाबासकी मिळाली नाही; उलट अंगठा द्यावा लागला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला. आमच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने तर १९३६ सालीच बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. इतका जुना वारसा. पण पोरांची पारख करताना आपण अजून बेरीजच करतो.

मी पंचांना म्हणालो, "उंच मुलगी आज चांगली आहे. ही पुढे चांगली होईल. बक्षीस आजचे की उद्याचे?" आमचा मुलूख संत्र्याचा. कलम लावल्यावर चार-पाच वर्षे त्याच्याकडे कोणी फळ मागत नाही. कोणी आंबिया बहार धरतो, कोणी मृग. आधी आले तेच फळ गोड, असे कोणी म्हणत नाही.

दुसरे पंच शांतपणे म्हणाले, "खरं आहे. पण जी पळाली तिचा काय दोष? दम तिनं काढला."

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. चषक दोन विरुद्ध एक मतांनी उंच मुलीला गेला, आणि तो अन्याय झाला असे मी आजही म्हणणार नाही. निवड चाचणीसाठी नावे लिहिताना मात्र लहानीचेही नाव घालावे, एवढे मी सरांकडून कबूल करून घेतले.

माझा आग्रह इतका का होता, हे तेथे सांगितले नाही. शाळेत असताना असाच एक कप मला मिळाला होता. त्या सामन्यात मी टिपलेले बहुतेक गडी माझ्या एका मित्राच्या खोवर टिपलेले होते. टाळ्या मला मिळाल्या. पुढच्या वर्षी त्याने शाळा सोडली आणि संत्र्याच्या तोडणीला जाऊ लागला. कप मिळाला असता तर तो शिकला असता, असे नाही. पण त्याचे नाव एकदा तरी माइकवरून घेतले गेले असते.

त्या संध्याकाळी फळीवरचा कप पुसला आणि त्याच्या घरी घेऊन गेलो. त्याने तो हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि हसून परत माझ्या हातात दिला.

"ठेव तुयापाशीच," तो म्हणाला. "आता खो देतं काय मले?"