ज्वारी काढणीचा ताप

आमच्या वेळी औशाच्या मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला भेटायचं. घरात विचारायची सोय नव्हती, कारण आजोबांची शाळा निजामाच्या अमलातली, उर्दूतली; ते अर्ज झोकात लिहीत, पण उजवीकडून डावीकडे. आम्ही चाररेघी वहीत डावीकडून निघालो. आता 2000 पासून इंग्रजी पहिलीलाच असतं आणि खेड्याखेड्यांत इंग्लिश मीडियमची पिवळी गाडी येते. त्या गाडीतलं लेकरू आजीला ‘वॉटर दे’ म्हणतं आणि आजी पाणी देतेही.

‘पुढील शब्द स्वतःच्या वाक्यात वापरा’ या प्रश्नावर आमचं सगळं इंग्रजी उभं होतं. वाक्य अर्थात गाईडचंच असायचं. तेही आठवलं नाही तर शब्द ‘धिस इज अ’पुढे नेऊन बसवायचा. टेबल बसायचं, काऊ बसायची, ‘हॅपी’ काही बसता बसेना. पण एखादं वाक्य खरंच आपलं करायचो, तेव्हा मजा यायची. आधी मनात मराठीत जुळवायचं, मग शेवटचं क्रियापद उचलून मध्ये आणायचं, ‘ही’ दिसला की क्रियापदाला एस चिकटवायचा आणि स्पेलिंगसाठी गल्लीतल्या एकुलत्या वीरकर डिक्शनरीवाल्याच्या दारात ताटकळायचं. आता फोनच पुढचे शब्द समोर धरतो. बोट लावलं की वाक्य पुरं, आणि आमच्यापेक्षा बरोबर.

आमच्यापेक्षा बरोबर असणं फार अवघड नव्हतं म्हणा. दहावीला कितीतरी जणांची गाडी इंग्रजीतच अडली. जे सुटले, ते लातुरात अकरावी सायन्सच्या मागच्या बाकावर मुके होऊन बसले. आम्ही जपून लिहायचो नि गप्प राहायचो. आताची पोरं चुकतमाकत का होईना, बोलतात. आणि व्याकरणावाचून कुणाचं अडलं? 30 सप्टेंबर 1993 ला आमच्याच तालुक्यातलं किल्लारी भूकंपात गेलं. त्यानंतर ‘आरसीसी’ आणि ‘रिट्रोफिटिंग’ हे शब्द शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायाही अचूक वापरू लागल्या. असं शिकायची वेळ कुणावर येऊ नये, ते वेगळं.

हळहळ वाटते ती रजेच्या अर्जाची. ‘आय बेग टू स्टेट’पासून सहीपर्यंत तो पाठ असायचा आणि त्यात आजार एकच, ताप. बहिणीचं लग्न असो की रानातली ज्वारी, अर्जात आम्हाला तापच यायचा. काढणीचं इंग्रजी ना आम्हाला यायचं ना सरांना. सर अर्ज गंभीरपणे वाचायचे आणि विचारायचे, ‘‘किती राहिलंय रं काढायचं?’’

आता आई वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सांगते, ‘‘सर, लेकरू आज येत न्हाई,’’ आणि सर अंगठा पाठवतात. कुणी कारण विचारत नाही, म्हणून खोटंही बोलावं लागत नाही. काढणीचं इंग्रजी फोनला केव्हाच आलंय, पण तोवर बहुतेक रानांत ज्वारीच्या जागी सोयाबीन आलेलं.